जुन्या कपाटांना नवा रंग

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांकडे तुम्ही शेवटचं नीट कधी पाहिलंत? दिवसातून पन्नास वेळा त्यांना हात लागतो, पण पाहणं होत नाही. माझंही तसंच होतं. गेल्या वर्षी संक्रांतीला तिळाचा डबा काढायला गेले आणि दाराच्या रंगाची साल माझ्या बोटाला चिकटून आली. मग दिवा लावून सगळीकडे पाहिलं. गॅसच्या वरची दारं तेलकट पिवळी पडली होती. सिंकखालच्या दाराचा खालचा कोपरा फुगला होता. दोन बिजागऱ्या लोंबत होत्या. त्याच रात्री मी नवऱ्याला जाहीर केलं, "यंदा मॉड्युलर किचन करायचं!"

आम्ही लखनौला, आलमबागमध्ये राहतो. घर चंदर नगरच्या बाजाराजवळ. सासरची मंडळी मूळची भुसावळकडची, रेल्वेच्या नोकरीने इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात वरण-भातावर तूप असतं आणि भाजी मोहरीच्या तेलात होते. हे तेल पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

कानपूर रोडवर मेट्रोच्या खांबांशेजारून चालत गेलं की मॉड्युलर किचनची दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानातून मुलगा माप घ्यायला आला. लॅपटॉपवर चित्र काढून दाखवलं. राखाडी रंगाची, हँडल नसलेली, गुळगुळीत दारं. खाली सगळे ड्रॉवर, कोपऱ्यात फिरता कप्पा. चित्र सुंदर होतं. आकडा होता २ लाख ८५ हजार.

नवऱ्याने आकडा ऐकून चष्मा काढला. पण "नको" असं तो म्हणाला नाही. ते म्हणाल्या माझ्या सासूबाई.

"मला तिथं काही सापडणार नाही"

आई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, दर काही महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासतो, पण जी नजर गेली ती परत येत नाही. काचबिंदूत आधी कडेचं दिसणं कमी होतं. समोरचं माणूस दिसतं, पण बाजूला उघडं राहिलेलं कपाटाचं दार दिसत नाही. रंगात रंग मिसळलेले असले, तर वस्तूची कड कळत नाही. संध्याकाळच्या उजेडात तर अजूनच कठीण.

तरीही सकाळचा पहिला चहा आईच करतात. मी कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. त्या ओट्याच्या कडेवर हात ठेवून चालतात. डावीकडून दुसरं दार, वरचा कप्पा, तिथे साखर. तिसरं दार, तिथे चहापत्ती. खालच्या कप्प्यात खलबत्ता. डोळे जे करू शकत नाहीत, ते त्यांचा हात तीस वर्षांच्या सवयीने करतो.

"तू नवं कर गं," त्या मला म्हणाल्या. "तुझी हौस आहे, कर. पण मग मला चहा करायला सांगू नकोस. मला तिथं काही सापडणार नाही."

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता. म्हणूनच ते मला लागलं. नव्या चित्रात साखर कुठे, चहा कुठे, हे मी ठरवलं होतं. त्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनीच उपाय सांगितला. "अगं, कारखान्यात डबा जुना दिसायला लागला म्हणून मोडीत काढत नव्हते. पीओएच करायचे. याचंही पीओएच करून टाक."

पीओएच म्हणजे रेल्वेच्या डब्याची ठरावीक मुदतीने होणारी मोठी दुरुस्ती. आलमबागला उत्तर रेल्वेचा डब्यांचा कारखाना आहे. माझे सासरे तिथे रंगाच्या विभागात होते. डबा आत यायचा, सुटा व्हायचा, गंजलेला पत्रा कापून नवा बसायचा, घासाई व्हायची, मग रंग. मेल-एक्स्प्रेसच्या डब्यांना साधारण दीड वर्षाने हा फेरा असायचा आणि असे फेरे घेत डबा पंचवीसेक वर्षं धावायचा. सासऱ्यांनी जन्मभर हेच काम केलं. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं १९९४ मध्ये सुताराने केली, पण रंग त्यांनी स्वतः दिला होता.

आधीची फसलेली रंगरंगोटी

मला रंगाची भीती होती, त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी घराच्या भिंती रंगवायला आलेल्या एका माणसाकडून आम्ही "एक हात कपाटांनाही मारून द्या" म्हणून काम करून घेतलं होतं. त्याने ओल्या फडक्याने दारं पुसली आणि वर थेट ऑइल पेंट लावला. दीड दिवसात काम संपलं. दिवाळीला घर चकाचक दिसलं. पुढच्या पावसाळ्यात दारांवर फोड आले आणि संक्रांतीपर्यंत साली निघू लागल्या. दोष मी रंगाला दिला होता.

या वेळी कुणीतरी नहरियाजवळच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांचं काम फक्त फर्निचरच्या रंगाचं, पॉलिश आणि पीयू. जाताना वाटेत तो जुना दरवाजा दिसतो, वाजिद अली शाहांनी आलम आरा बेगमेसाठी बांधलेल्या बागेचा. याच बागेवरून आमच्या भागाचं नाव पडलं.

मिस्त्री घरी आले आणि त्यांनी रंगाचं कार्ड बाहेरच काढलं नाही. आधी नखाने दार खरवडलं. मग ब्लेडने रंगावर चौकटी कापल्या, वर चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. पट्टीबरोबर रंगाचा सबंध तुकडा निघून आला. त्याच्या मागच्या बाजूला चिकट, तपकिरी थर होता.

"रंग तो सब चढ़ा देते हैं, भाभीजी," ते म्हणाले. "पकड़ेगा किसको? नीचे तो कड़वा तेल बैठा है."

हेच ते मोहरीचं तेल. फोडणीची वाफ दारावर बसते. हवा आणि उष्णता लागून ती हळूहळू घट्ट, चिकट होते. नुसत्या पाण्याने ती जात नाही. रंग लाकडाला न चिकटता त्या थराला चिकटतो आणि थर सुटला की रंगही सुटतो. रंग बिचारा निर्दोष होता.

कशाला रंग द्यावा, कशाला देऊ नये

तुम्हीही असं काम काढणार असाल, तर मिस्त्रींनी त्या दिवशी केलेली तपासणी तुम्ही घरीच करू शकता.

सगळ्यात आधी दाराच्या आतला माल पाहा. प्लाय किंवा लाकूड घट्ट असेल, तर रंगावर पैसे घालायला हरकत नाही. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला असेल, तर तो भाग बदलावाच लागतो. फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. स्क्रू फिरवून पाहा. तो जागच्या जागी फिरत राहिला, तर लाकडाची पकड गेली आहे. वाळवीसाठी मागची फळी ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐका. सनमायकाची दारंही रंगवता येतात, पण तिची चकाकी घासून मारावी लागते आणि वर तिला धरणारा खास प्रायमर लागतो. पीव्हीसीचा पातळ पापुद्रा चढवलेली दारं असतील आणि पापुद्रा सुटत असेल, तर त्यावर रंग देऊ नका. आधी तो पूर्ण काढावा लागतो.

आणि सर्वात महत्त्वाचं, कपाटांच्या जागा तुम्हाला सोयीच्या आहेत का? ओटा फार खाली असेल, कपाटांना हात पोहोचत नसेल, तर कितीही सुंदर रंग दिला तरी त्रास तोच राहणार. अशा वेळी नवं करणंच बरं.

आमच्याकडे सागाची चौकट आणि प्लायची दारं. १४ दारं, ४ ड्रॉवर. सिंकखालचं एक कपाट तेवढं गेलेलं निघालं. तिथे पाण्यात टिकणारा, ७१० चा शिक्का असलेला प्लाय घालायचं ठरलं. बाकी सगळं ठणठणीत होतं.

अकरा दिवस

काम होळीनंतर घेतलं. तेव्हा लखनौची हवा कोरडी असते आणि लूही सुरू झालेली नसते. पावसाळ्यात हे काम टाळावं. दमट हवेत रंगाची चमक मरते आणि सुकायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी मिस्त्रींच्या पोऱ्याने सगळी दारं उतरवली. प्रत्येक दाराच्या मागे आणि त्याच्या चौकटीवर एकच नंबर घातला. हे जरूर करून घ्या. जुन्या कामात दोन दारं कधीच तंतोतंत सारखी नसतात.

मग धुलाई. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, हातात मोजे, घासणी. तीन पाणी झाली, तरी चौथ्याला फडकं पिवळं येत होतं. शेवटी स्वच्छ पाण्याने सोडा काढून टाकला, कारण सोडा राहिला तरी रंग धरत नाही.

घासाईच्या आधी मिस्त्रींनी आणखी एक प्रश्न विचारला. "सबसे नीचे वाला रंग कब का है?" १९९४ चा, असं सांगितल्यावर त्यांनी लेकीला खोलीबाहेर पाठवलं आणि कोरडी घासाई न करता पाण्याच्या पेपरने ओली घासाई करायला सांगितलं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. त्याची धूळ श्वासातून किंवा हातातोंडातून पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार घातक असते. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधी रंगवलेली कपाटं, खिडक्या, पाळणे खरवडताना घरात लहान मूल किंवा गर्भवती बाई असेल, तर तिला त्या खोलीत थांबू देऊ नका. घासलेला चिखल ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा. झाडू मारून तो उडवू नका.

ओल्या घासाईतच सहाव्या नंबरचं दार आलं. पोऱ्याने हाक मारली, "भाभीजी, यहाँ कुछ लिखा है."

दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ पेन्सिलीने लिहिलं होतं: पीओएच १४-११-९४. आणि त्याच्या खाली: परत. त्यापुढे काही नव्हतं. कोरी जागा.

मला काही कळेना. नवरा मात्र हसला आणि मग गप्प झाला. डबा कारखान्यातून बाहेर पडताना त्याच्या अंगावर पीओएच झाल्याची तारीख आणि पुन्हा कारखान्यात परतायची तारीख लिहिलेली असते. बाबांनी आपल्या स्वयंपाकघरावरही ती घातली होती. परतीची तारीख तेवढी मोकळी सोडली होती.

आईंना अक्षर दिसत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर नेलं. त्यांनी थोडा वेळ बोट तिथेच ठेवलं. "तीन दिवस घासत बसले होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो पुरे आता, मला स्वयंपाक करायचाय. तर म्हणाले, रंगाला घाई चालते, घासण्याला नाही."

मिस्त्रींनी ती हाताएवढी जागा न घासता सोडली. त्यावर कडेने पट्टी लावली आणि नंतर फक्त पारदर्शक लेप दिला.

रंग कोणता निवडला

मला अजून राखाडीच हवा होता. पण आईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं एक बोलणं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, घरात कडा दिसू द्या. फिक्याजवळ गडद ठेवा, गडदाजवळ फिका.

मग असं केलं. दारं मलईच्या रंगाची, चौकट गडद हिरवी, हँडल काळी. चौकट आणि दार वेगळ्या रंगांचं असल्याने दार कुठे सुरू होतं ते लांबूनच कळतं. दारांच्या जाड कडा आम्ही भडक पिवळ्या केल्या. बंद असताना त्या जवळजवळ दिसत नाहीत, पण दार उघडं राहिलं की पिवळी पट्टी डोळ्यात भरते. डोक्याच्या उंचीवरच्या दारांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या घातल्या. चकाकी मध्यम ठेवली, कारण फार चकचकीत दारावर दिव्याचा झोत पडला की आईंना काहीच दिसत नाही. घरात नजर अधू झालेलं कुणी असेल, तर एवढं नक्की करा. रंग तर द्यायचाच असतो, मग तो उपयोगाचा का देऊ नये?

दारं ई-रिक्षातून मिस्त्रींच्या कारखान्यात गेली. पीयू रंगात मूळ रंग आणि हार्डनर वेगवेगळे येतात. ते एकत्र केले की काही तासांत वापरून संपवावे लागतात, नाहीतर डब्यातच घट्ट होतात. हार्डनरची फवार फुप्फुसांना वाईट. त्याला तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, गाळणीचा मास्क लागतो. म्हणून हे काम घरात, चालू स्वयंपाकघरात करून घेऊ नये. प्रायमरचे दोन हात, खड्ड्यांना पुट्टी, प्रत्येक हातानंतर बारीक पेपर, मग रंगाचे दोन पातळ हात. घरात फक्त चौकट रोलरने रंगवली.

सातव्या दिवशी फोन आला. दोन दारांवर रंग पसरायला तयार नव्हता. मधे मधे माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडत होते. "इस पर कुछ लगाती थीं क्या?" मी आठवलं. टीव्हीवरच्या जाहिराती पाहून मी फर्निचर चमकवायचा स्प्रे फ्रीजजवळच्या दारांवर मारत असे. त्यात सिलिकॉन होतं. ते सोड्यानेही जात नाही आणि त्यावर रंग फाटतो. मिस्त्रींनी न कुरकुरता दोन्ही दारं पुन्हा घासून काढली. तुम्ही असं काही वापरत असाल, तर आधीच सांगा. रंगाऱ्यापासून लपवलेली गोष्ट शेवटी दारावर दिसतेच.

ते अकरा दिवस स्वयंपाकघर उघडंच होतं. माझी चिडचिड झाली. आईंची झाली नाही. कप्पे जागच्या जागी होते, त्यांचा चहा एक दिवसही चुकला नाही.

हिशेब आणि काळजी

खर्च तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. दारांच्या दोन्ही बाजूंच्या रंगाचे २३,७६०, चौकटीचे ४,५००, सिंकखालच्या नव्या कपाटाचे मजुरीसकट ६,८००, २८ बिजागऱ्यांचे ४,४८० आणि १८ हँडलचे १,६२०. एकूण ४१,१६० रुपये. तुमच्या गावात भाव वेगळा असेल. मिस्त्री ठरवताना दर चौरस फुटाचा भाव विचारा, पण त्याआधी तो धुलाई-घासाईला किती दिवस धरतो ते विचारा. "कल करके दे देंगे" म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या.

दारं बसल्यावर आठवडाभर जपा. हाताला रंग सुका लागला, तरी आतून तो घट्ट व्हायला साधारण तेवढे दिवस जातात. ओलं फडकं दारावर टाकू नका. नंतर पुसायला मऊ कापड आणि पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब पुरेत. तारेची घासणी नको. आणि फोडणी घालताना चिमणी किंवा पंखा चालू करा.

शेवटचं, सहाव्या नंबरचं दार बसवलं, तेव्हा आईंनी लेकीला पेन्सिल आणायला सांगितलं. आजोबांच्या "परत"पुढच्या कोऱ्या जागेत तिने त्या दिवसाची तारीख घातली. मग खाली नवी ओळ लिहिली, पीओएच आणि तीच तारीख. त्याखाली "परत" लिहून ती थांबली.

"आजी, इथे काय लिहू?"

"ते राहू दे," आई म्हणाल्या. "ते तू ठरव. आता बाजूला हो, चहाची वेळ झाली."

आणि ओट्याच्या कडेवर हात ठेवून त्या डावीकडून दुसऱ्या दाराशी गेल्या.